उस्ताद 'साफ' म्हणेपर्यंत

महाराजपूरच्या कॉलनीत दिवाकर रामटेक्यांची स्कूटर दिसायच्या आधी मागे बसलेल्या शकुबाईंचा आवाज ऐकू यायचा. "अवो, गड्डा! आता गाय हाय पुढं. गाय म्हणून राहिले ना मी!" नवख्याला वाटायचं, नवरा-बायको भांडताहेत. भांडण कसलं? दिवाकरराव स्कूटर चालवायचे आणि शकुबाई रस्ता बघायच्या, एवढीच ती कामाची वाटणी. ती कधी बोलून ठरली नव्हती. शकुबाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, मी आपली डबा घेऊन जाते. दिवाकररावांना तर विचारायचीच सोय नव्हती, कारण त्यांच्या मते त्यांची नजर साठी उलटल्यावर पुन्हा जवान झाली होती.

मुळात हा माणूस स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हे. चहाची बशी खाली ठेवायच्या आत उठून दाराची कडी बघून येणार, कडी बघितली की स्कूटरची हवा, हवा बघितली की पुन्हा कडी. पायाला भिंगरी आणि डोक्यात संशय. तरुणपणी या संशयाचा पगार मिळत होता, म्हणून तो खपून गेला.

रामटेके मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी जबलपुरात आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. पुढे राज्यांच्या वाटण्या झाल्या, नागपूर तिकडे गेलं, सगळे सोयरे तिकडे राहिले आणि हे कुटुंब इकडेच रुतलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. दिवाकरराव वडिलांच्या मागोमाग कारखान्यात लागले ते बंदुकीच्या नळ्या तपासायला. नळी उजेडाकडे धरायची, आत डोकवायचं आणि आतली सावली कुठे वाकते ते बघायचं. वाकली की नळी परत. त्या कामात संशयी माणूसच हवा असतो. रामटेक्यांनी पास केलेली नळी कधी परत आली नाही, असं लोक म्हणत, आणि लोकांनी नाही म्हटलं तर ते स्वतः म्हणत.

निवृत्तीनंतर शहरातल्या एका रायफल क्लबने त्यांना बोलावून घेतलं. बरगीच्या रस्त्याला एक जुनी दगडाची खाण होती, तिच्या पोटात क्लबचं मैदान. दर रविवारी तिथे नेमबाजीचा सराव चालायचा. क्लबच्या रायफलींना दुर्बिणी बसवलेल्या होत्या. त्या नेमक्या लावून देणं हे दिवाकररावांचं काम, आणि सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. मैदानाचा एक रिवाज होता, तोही त्यांनीच घातलेला. रायफल टेबलावर मांडली की आधी उस्ताद दुर्बिणीतून बघणार. आतली काळी फुली आणि समोरचं निशाण, दोन्ही स्वच्छ दिसली की म्हणणार, "साफ!" उस्ताद 'साफ' म्हणेपर्यंत कोणी गोळी भरायची नाही, मग तो कलेक्टरचा मेव्हणा का असेना.

आता डोळ्यांबद्दल. चाळिशीत सगळ्यांचं होतं ते त्यांचंही झालं होतं. बारीक आकडे आधी धूसर झाले, मग मुंग्या झाले, आणि क्लबात येईपर्यंत दुर्बिणीच्या नेम सरकवायच्या चकत्यांवरचे आकडे नाहीसेच झाले. त्यांनी हार मानली नाही. चकती फिरवताना होणारी टिकटिक ते बोटाने आणि कानाने मोजायला शिकले. चष्मा लावून दुर्बिणीत बघितलं की काचेच्या कडेने सगळं वाकडं दिसायचं, म्हणून चष्मा दोरीने गळ्यात, आणि बघताना मान ताठ. शिष्यांना शिकवायचे, "फुलीकडं टक लावून पाहू नका. डोळा लबाड असतो, पाहता पाहता जुळवून घेते. आभाळाकडं दुर्बीण करा, झटकन पाहा, नजर काढा, कडं फिरवा, मंग पुन्हा पाहा." डोळ्याकडच्या बाजूला दुर्बिणीला एक कडं असतं. ते फिरवून ज्याने त्याने आपापल्या नजरेला फुली स्वच्छ करून घ्यायची असते. हे ज्ञान त्यांनी सगळ्यांना दिलं, फक्त कड्याला हात लावायची परवानगी दिली नाही. कडं ते स्वतः लावायचे, आपल्या डोळ्याने. या मैदानावर एकच डोळा प्रमाण होता.

आणि मग साठीनंतर चमत्कार झाला. एके सकाळी त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि चष्मा न लावता वाचलं. पुन्हा वाचलं. चकतीवरचे आकडेही दिसले! त्यांनी चष्मा कपाटात टाकला आणि गल्लीभर फिरून आले. गेलं वर्षभर ते त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धूत होते. झालं, सगळं श्रेय त्रिफळ्याला. त्यानंतर महिनाभर निम्मी कॉलनी सकाळी डोळ्यांत त्रिफळा घालून रडत होती.

शकुबाई तेवढ्या खूश नव्हत्या. "डाक्टरले दाखवा एकदा," त्या म्हणाल्या. "माझ्या मायचंबी असंच झालतं. आधी बिनाचष्म्याची सुईत दोरा ओवाले लागली, अन् मंग मोतीबिंदू निघाला."

"तुझ्या मायनं त्रिफळा लावला होता काय?" त्यांनी विचारलं, आणि विषय संपला.

दूरचं मात्र बिघडत चाललं होतं. रस्ता धुरकट दिसायचा, त्याला ते जबलपूरची धूळ म्हणायचे. समोरून आलेल्या गाडीचा दिवा फुटून पसरायचा, त्याला ते लोकांची बेशिस्त म्हणायचे. आणि दर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या दुर्बिणींची फुली किंचित फिसकटलेली सापडायची, त्याला ते चोरी म्हणायचे. कोणीतरी कड्याला हात लावतंय! ते कडं पुन्हा आपल्या नजरेला लावायचे, आणि पुन्हा काही महिन्यांनी तेच.

नारायणराव नावाचे क्लबचे एक जुने सभासद होते, टेलिफोन खात्यातून निवृत्त, बोलायला गोड आणि भित्रे. त्यांनी एकदा धीर करून सांगितलं, "उस्ताद, तुम्ही साफ म्हणता, पण मले फुली धुंदली दिसून राहिली." त्यावर उस्तादांनी सगळ्यांसमोर त्यांचे असे काही वाभाडे काढले की बिचारे सहा रविवार मैदानाकडे फिरकले नाहीत. वर घरी त्रिफळ्याची पुडी पाठवली ती वेगळीच. तेव्हापासून मैदानावर फुलीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. उस्तादांना वाटलं, सगळ्यांचे डोळे सुधारले.

मग आली अंजनी. विजय नगरात राहणारी वासनिकांची मुलगी, कॉलेज नुकतंच संपलेलं, आई सरकारी दवाखान्यात नर्स. मराठी समजायची पूर्ण, बोलायची अर्धी. पोलीस खात्यात जायचं हे तिने दहावीपासून ठरवलेलं. जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर भरतीला उपयोग होईल म्हणून रायफल हातात घेतली. पहिल्याच महिन्यात तिने अशा काही गोळ्या मारल्या की उस्तादांना आपली तरुणपणची सावली दिसली. त्यांनी तिला पोरीसारखं जवळ केलं. उस्तादांनी सांगितलेलं एकही अक्षर ती खाली पडू द्यायची नाही.

पण महिन्या-दोन महिन्यांत तिचं बिघडायला लागलं. सुरुवातीच्या गोळ्या मधोमध, आणि पुढे पुढे त्या चिवड्यासारख्या पसरत जायच्या. "उस्तादजी, शुरू में क्रॉस साफ दिसतो," ती कपाळ चोळत म्हणाली. "बाद में फैल जाता है. सर भी दुखता है."

उस्तादांनी दुर्बिणीतून बघितलं. त्यांना फुली स्वच्छ दिसत होती. "बेटा, दुर्बीण साफ हाय," ते हळहळून म्हणाले. "तुझी नजर कमजोर हाय. चष्मा लाव."

उस्तादांनी सांगितलं म्हणजे संपलं. आई तिला एका चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. तक्रार आहे म्हणता तर लावा, असं म्हणत दुकानदाराने नसल्यासारखा नंबर काढून दिला. डोकेदुखी थांबली नाही. अंजनीने पोलीस भरतीची चौकशी करणं सोडून दिलं. चष्मेवालीला कोण घेणार, असं ती स्वतःच म्हणायला लागली. आईने बालाघाटचं एक स्थळ बघायला घेतलं. ही बातमी उस्तादांच्या कानावर आली तेव्हा त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. निसर्गापुढे कोणाचं चालतं, असं ते शकुबाईंना म्हणाले.

जिल्ह्याच्या संघाची निवड एका रविवारी मैदानावरच व्हायची होती. आणि नेमकी त्याच्या काही आठवडे आधी फुली पुन्हा फिसकटली. उस्तादांचा तोल सुटला. चोर पकडायचाच, म्हणून त्यांनी युक्ती काढली. पुतणीच्या लग्नात शकुबाईंना मिळालेली नेलपॉलिशची बाटली त्यांनी खिशात घातली, सगळ्या दुर्बिणी आपल्या नजरेला लावल्या आणि प्रत्येक कड्याच्या सांध्यावर लाल ठिपका दिला. कडं जरा जरी फिरलं तरी ठिपका तुटणार. त्यानंतर दर रविवारी ते आधी ठिपके तपासायचे. ठिपके शाबूत! "घाबरला साला," ते शकुबाईंना विजयाने सांगायचे. पण जेवताना घास हातात धरून मध्येच थांबायचे. चोर घाबरला, तर चैन का पडत नव्हतं?

निवडीच्या दिवशी सकाळी ते सगळ्यांच्या आधी मैदानात पोचले. वाटेत शकुबाईंनी एक टेम्पो, दोन म्हशी आणि एक वरात त्यांच्या वाटेतून दूर केली होती. टेबलावर रायफली मांडल्या होत्या, गोळीची घरं उघडी, नळ्या खाणीच्या भिंतीकडे. उस्तादांनी ठिपके बघितले. सगळे जागच्या जागी. मग पहिल्या दुर्बिणीला डोळा लावला.

फुली फिसकटलेली होती.

दुसरीला लावला. तीही. तिसरी अंजनीची, तीही. त्यांनी डोळा पुसला, पाणी मारलं, पुन्हा बघितलं. ठिपका शाबूत आणि फुली हललेली, हे कसं होईल? मागे नेमबाज रांगेत उभे, निवड समितीचे लोक खुर्च्यांवर बसलेले. आता ठिपका आपणच तोडायचा तर सगळ्यांसमोर काय सांगायचं? आणि त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. न दिसता म्हणाले, "साफ!" पुढच्या रायफलीला, "साफ!" त्याच्या पुढच्यालाही.

पहिली फेरी सुरू झाली. उस्ताद एका जागी उभे राहीनात. झाडाखाली जाऊन यायचे, पाणी न पिता मडक्यावर झाकण ठेवायचे, उगाच खिशातली बाटली चाचपायचे. नारायणराव छान खेळले. बाकीचेही बरे. अंजनीच्या पहिल्या गोळ्या सुरेख बसल्या. मग तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, कपाळ दाबलं, आणि उरलेल्या गोळ्या उधळल्या. फेरी संपली तेव्हा ती पार मागे होती. आपल्या टेबलाशी पाठमोरी उभी राहिली.

मध्ये विश्रांती होती. शकुबाई डबा घेऊन आल्या. एरवी त्या झाडाखाली बसायच्या, पण आज नवरा झाडाखाली ठरेना म्हणून टेबलांपर्यंत आल्या. रायफली बघत बघत म्हणाल्या, "अच्छा, ह्याच्यासाठी नेली काय माझी बाटली? पण सगळ्याले कुठं माझी लावली तुम्ही? ह्या एकाले माझी लाल हाय. बाकीच्याले तर राणी रंगाची हाय."

"लालच हाय सगळी," उस्ताद म्हणाले.

"काहून थट्टा करून राहिले? ही लाल, अन् ही राणी. आंधळ्यालेबी दिसंल."

त्यांनी एक रायफल बघितली, दुसरी बघितली. ठिपके अगदी एका रंगाचे होते. लाल. त्यांनी पुन्हा शकुबाईंकडे बघितलं. ती बाई साडी घेताना दुकानदाराला रडवते. रंगात ती चुकत नाही, हे तेहतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला माहीत होतं.

"कोणती तुझी?" त्यांनी विचारलं.

शकुबाईंनी अंजनीच्या रायफलीवर बोट ठेवलं.

उस्ताद वळले ते थेट नारायणरावांकडे. नारायणरावांनी हातातली पोळी खाली ठेवली. "खरं सांगा," उस्ताद म्हणाले, "मी काही बोलणार नाही."

"उस्ताद, नाराज नका होऊ," नारायणराव खाली बघत म्हणाले. "तुम्ही साफ म्हटलं, की आम्ही कडं आपापल्या नजरेले फिरवतो. खेळ झाला की पुन्हा तुमच्या जागेवर आणून ठेवतो. प्रत्येक कड्यावर बारीक खूण केली हाय, तुमच्या जागेची. ठिपका तुटते म्हणून सुनेची नेलपॉलिश आणली. रंग थोडा वेगळा होता, पण तुमच्या काही ध्यानात आलं नाही."

"कधीपासून?"

"खुणेचं म्हणाल तर दोन वर्षं झाली. उस्ताद, तुमची जागा सरकत चालली हाय. आम्ही आपले मागं मागं नवी खूण करत जाऊन राहिलो."

उस्ताद चिडले नाहीत. चिडायला जागाच नव्हती. नळी तपासणाऱ्या माणसाचं डोकं आपोआप चाललं. बाकीच्यांनी कडी फिरवली असतील, पुन्हा लावताना केसभर चुकलीही असतील. पण अंजनीच्या रायफलीवर त्यांचा स्वतःचा ठिपका होता, स्वतःच्या हाताने दिलेला. तो तुटला नव्हता. ते कडं फिरलं नव्हतं. तरी सकाळी तिथेही फुली फिसकटलेली दिसली. म्हणजे कडं जागेवर होतं, आणि हलला होता तो डोळा. आणि या सगळ्या मैदानात एकट्या त्या पोरीने त्यांचं ऐकलं होतं. सगळ्यांनी कडी फिरवली, तिने नाही. ती इतके महिने त्यांच्या म्हाताऱ्या डोळ्याने बघत होती, तरणा डोळा ताणून ताणून जुळवून घेत होती, आणि थकली की त्यांनी तिला सांगितलं, तुझी नजर कमजोर आहे.

त्यांना तिथल्या तिथे बसावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच स्वस्थ बसावंसं वाटलं, आणि तेवढी सवड नव्हती. दुसऱ्या फेरीची शिट्टी झाली.

ते अंजनीच्या टेबलाशी गेले. खिशातून घराची किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर लाल ठिपका खरवडून टाकला. क्लबचे सेक्रेटरी धावत आले. "उस्ताद, ये क्या कर रहे हैं? बीच मुकाबले में?"

"माझा ठिपका हाय, मीच तोडून राहिलो," उस्ताद म्हणाले, आणि मग खाणीच्या भिंतीवर आदळून परत येईल इतक्या मोठ्याने, "इस लड़की की आँख में कोई खराबी नहीं है. खराबी मेरी आँख में है. मैंने इसकी दूरबीन अपनी आँख से बाँध दी थी. सुना सब ने?"

सगळ्यांना माहीत होतं, फक्त अंजनीला नव्हतं; ती उस्तादांना सांगून बसेल, म्हणून तिला कोणी कळू दिलं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"चष्मा काढ, बेटा," ते म्हणाले. "भिंतीच्या वर आभाळ हाय, तिकडं दुर्बीण कर. टक नको लावू. झटकन पाहा अन् कडं फिरव. शिकवलं होतं ना?"

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. बघितलं, नजर काढली, कडं फिरवलं. पुन्हा बघितलं, पुन्हा फिरवलं. कडं फिरतच गेलं, फिरतच गेलं. किती लांब नेऊन ठेवलं होतं पोरीला, हे उस्ताद उभ्या उभ्या बघत होते. मग तिचा हात थांबला. तिने डोळा काढला नाही.

"उस्तादजी," ती हळूच म्हणाली, "सबको ऐसा दिखता था?"

शकुबाईंनी मागून येऊन उस्तादांच्या शर्टाची बाही धरली.

अंजनी बाजूला सरकली आणि रायफल त्यांच्यापुढे केली. रिवाज होता. उस्तादांनी बघितल्याशिवाय गोळी भरायची नाही. मागे सगळी रांग थांबली होती, सेक्रेटरी घड्याळ बघत होते. उस्ताद वाकले आणि दुर्बिणीला डोळा लावला. तिथे फुली नव्हती. निशाण नव्हतं. पावसाळ्यात काचेवर वाफ धरावी तसं एक पांढरट धुकं होतं, त्यात कुठेतरी काळं काहीतरी विरघळलेलं. इतकी वर्षं ज्या डोळ्यावर जगले, तो आज उघडा पडून त्यांच्यासमोर होता. सकाळी ज्या तोंडाने खोटं 'साफ' म्हटलं होतं, ते तोंड आता लवकर उघडेना.

मग ते सरळ उभे राहिले आणि खिशातली नेलपॉलिशची बाटली काढून अंजनीच्या हातात दिली.

"मले काहीच दिसून नाही राहिलं," ते म्हणाले. "म्हणजे बरोबर हाय. भर गोळी."